विंडचीटर की रेनकोट? नागद्वारची पिशवी भरताना

आषाढ संपत आला की नागपूरच्या बर्डीच्या फुटपाथवर दोन प्रकारचं कापड शेजारी शेजारी टांगलेलं दिसतं. एक पातळ, मुठीत मावणारं, हात लावला की सळसळणारं. दुसरं जाड, चकचकीत, नवं असताना रबरी वास मारणारं. कशावरही बोट ठेवा, उत्तर एकच मिळतं, "पाण्यात चालते नं भाऊ, बिनधास्त घेऊन जा." मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरात भरणाऱ्या नागद्वारच्या यात्रेला निघालेले बरेच जण मग पहिलं विकत घेतात आणि त्याला रेनकोट म्हणतात. दुसरं घेणारेही कमी नसतात. ते त्याला विंडचीटर म्हणतात.

या दोन्ही चुका मी लागोपाठच्या दोन वर्षी केल्या आहेत.

पहिल्या वर्षी पॅराशूट कापडाचं जॅकेट घेतलं होतं. त्याच्या गळ्याशी ‘वॉटरप्रूफ’ अशी चिठ्ठी लावलेली होती. पचमढीहून धूपगडच्या दिशेने गाडी सोडली, पायवाट धरली, भुरभुर पावसात तासभर मजेत गेला. मग ढग अंगावर उतरले आणि सर आली. दहा मिनिटांत खांदे ओले, पंधरा मिनिटांत पाठ, आणि पाणी ओघळत पँटच्या कमरेपर्यंत. रात्री भंडाऱ्याच्या, म्हणजे अन्नदानाच्या मंडपात गरम खिचडीचं ताट हातात धरून दात वाजवत बसलो. दुसऱ्या वर्षी धडा घेतला म्हणून बाइकवर घालायचा जाड पीव्हीसीचा सूट नेला. त्या दिवशी दुपारपर्यंत थेंबही पडला नाही, पण आभाळ भरलेलं असल्याने मी तो काढला नाही. चढ संपल्यावर काढला तर आतला शर्ट पिळून घ्यावा लागला. मामेभाऊ बघतच राहिला. म्हणाला, "दादा, पाणी त आलंच नाही, तू भिजला कुठून?"

या दोन कपड्यांमधला फरक त्याच्या प्रश्नातच आहे. डोंगरात माणूस दोन बाजूंनी भिजतो. बाहेरून पावसाने आणि आतून घामाने. विंडचीटर आतल्या ओलीला वाट देतो, बाहेरची थोडीच अडवतो. साधा रेनकोट बाहेरची पूर्ण अडवतो आणि आतलीही तितक्याच निष्ठेने कोंडून ठेवतो.

विंडचीटरच्या नावातच वारा आहे, पावसाचा उल्लेखही नाही. तो नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या घट्ट विणीचा असतो. वीण घट्ट म्हणून वारा आत शिरत नाही, आणि अंगाभोवती जी उबदार हवेची पातळ चादर असते ती उडून जात नाही. डिसेंबरच्या पहाटे स्कूटरवर हाच कपडा स्वेटरपेक्षा जास्त काम का करतो, त्याचं कारण हेच. पण घट्ट असली तरी ती वीणच. धाग्यांमध्ये फटी राहतात आणि त्यातून वाफ बाहेर जाते. नव्या कापडावर एक रासायनिक हात दिलेला असतो, त्यामुळे पाण्याचे थेंब अळूच्या पानावर असावेत तसे घरंगळतात. दुकानदार बाटलीतलं पाणी शिंपडून दाखवतो तो चमत्कार एवढाच. तो हात धुलाईत उतरत जातो, कपड्यांच्या कंडिशनरने आणखी लवकर. आणि तो शाबूत असला तरी जोराच्या सरीत पाणी दाबाने आत घुसतं. सर्वात आधी कुठे? खांद्यावर, सॅकच्या पट्ट्यांखाली, कारण तिथे ओझ्याचा दाबही भर घालतो. माझे खांदे आधी का भिजले, हे मला फार उशिरा कळलं.

रेनकोटची गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या पीव्हीसीच्या रेनकोटची कल्पना अजून तीच आहे, पाण्याला फटच ठेवायची नाही. कापड किती पाणी अडवतं ते मिलिमीटरमध्ये मोजतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत ते गळत नाही, तो आकडा. दीड हजाराच्या आसपास असेल तर कामचलाऊ, दहा हजार असेल तर सॅकच्या पट्ट्यांखालीही टिकतं. आकडा चिठ्ठीवर छापलेला नसेल आणि फक्त ‘वॉटरप्रूफ’ असेल, तर त्या शब्दाला मी तरी आता भाव देत नाही.

कापडापेक्षा शिलाई जास्त दगा देते. सुई जिथून गेली तिथे भोक पडलंच. चांगल्या रेनकोटमध्ये आतून प्रत्येक शिलाईवर पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवलेली असते. ती नसेल तर कापड कितीही भारी असो, काखेतून आणि टोपीच्या जोडातून पाणी येणार. तीच गत चेनची. चेनवर झाकण म्हणून पट्टी हवी, आणि ती चिकटपट्टीने किंवा बटणांनी बंद व्हायला हवी.

आता नागद्वारच का वेगळं, ते सांगतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत पचमढीला पोचलो की आपण हजार मीटरच्या वर असतो, आणि धूपगडचा माथा आहे १,३५२ मीटर, सातपुड्यात सर्वात उंच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं हा ढोबळ हिशोब धरला तरी घरून निघालो त्यापेक्षा पाच-सहा अंश कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. ओल्या अंगाला वारा लागला की ते किरकोळ राहत नाही, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत होरपळलेला माणूस ऑगस्टमध्ये वीस अंशांत कुडकुडू शकतो, हे नागपूरकराला पटवणं जरा कठीण जातं.

पाऊसही वेगळा. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेशात येतात, महादेवाच्या डोंगरांना अडतात, आणि ती दमट हवा वर चढून तिथेच रिकामी होते. वर्षभराचा हिशोब केला तर पचमढीला नागपूरच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो. यात्रेचे दहा-बारा दिवस आषाढाच्या शेवटापासून श्रावण शुद्ध पंचमीपर्यंतचे, म्हणजे ऐन पावसाचे. तिथीचा खेळ असा की २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला होती, आणि २०२६ मध्ये अधिक महिना असल्याने ती १७ ऑगस्टला आहे. तारीख पुढे गेली म्हणून कोरडं मिळेल, या भरवशावर राहू नका. खोऱ्यात ऊन, खिंडीत धुकं, पलीकडच्या उतारावर धो धो, हे सगळं एका सकाळीत होतं.

"मग महागडं घेतो, श्वास घेणारं," असं पुण्याहून येणारे नातेवाईक म्हणतात. तसं कापड असतं खरं. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला आणि त्यातून गोरटेक्स आलं. पाण्याचा थेंब आत जात नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ जाते ती आतल्या आणि बाहेरच्या दमटपणात फरक असतो म्हणून. लडाखच्या कोरड्या थंडीत तो फरक मोठा असतो. श्रावणातल्या सातपुड्यात बाहेरची हवाच पाण्याने टम्म भरलेली, मग वाफ जाणार कुठे आणि किती? त्यात वरचं कापड भिजून जड झालं की उरलीसुरली वाटही बंद होते. चढावर माणूस तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम सहज गाळतो, एवढा त्या पडद्याला झेपत नाही. पैसे असतील तर जरूर घ्या, हिमालयात कामी येईल. नागद्वारसाठी मी ते पैसे चांगल्या पकडीच्या बुटांवर घालेन.

मग न्यायचं काय? माझं आता ठरलेलं आहे आणि ते दिसायला फार बावळट आहे. चढताना अंगात फक्त पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, क्रिकेट खेळताना घालतात तसला. सुती बनियन आणि जीन्स घरीच. सूत पाणी पितं आणि सोडत नाही, आणि ओली जीन्स घालून वाटेतली लोखंडी शिडी चढणं ही स्वतंत्र शिक्षा आहे. चढावर भुरभुर लागली तर मी चक्क भिजतो, कारण चालतं अंग गरम असतं. सर आली तर पोंचो. डोक्यातून घालायचा, सॅकसकट झाकणारा, दोन्ही बाजूंनी मोकळा. पाणी वरून अडतं आणि खालून वारा खेळतो. शेरडं राखणारे घोंगडीची खोळ डोक्यावर घेतात त्यातही हीच अक्कल आहे, शिवाय लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. शिडीपाशी मात्र पोंचोचा घोळ पायात येतो, तिथे कमरेला दोरी बांधायची. छत्रीचं तर नावच काढू नका, शिडीवर दोन्ही हात लागतात.

विंडचीटर मी नेतोच, फक्त तो चढावर घालत नाही. थांबलो की घालतो. खिंडीत दम खायला बसलो, दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो, परतीच्या बसमध्ये खिडकीची काच लागेना, अशा वेळी. त्याआधी ओला टी-शर्ट बदलायचा, नाहीतर ओल आतच राहते. त्यासाठी एक कोरडा जोड आणि मोजे सॅकच्या तळाशी, जाड पिशवीत गाठ मारून. सॅकवर नुसतं कव्हर घालून काम भागत नाही, पाठीच्या बाजूने पाणी उतरतंच.

एक विनंती. दहा-वीस रुपयांचा कॅरीबॅगसारखा पातळ पोंचो मिळतो, तो पहिल्याच झुडपाला फाटतो आणि मग वाटेवर टाकला जातो. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि आपल्यासाठी वर्षातून थोडेच दिवस उघडते. थोडा जाड घ्या आणि परत आणा.

गेल्या वर्षीचा रेनकोट माळ्यावर असेल तर निघायच्या आठ दिवस आधी काढून बघा. आपल्या उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापतो. पीव्हीसी घडीवर कडक होऊन तडकतं, आणि नायलॉनच्या आतला चंदेरी थर चिकट होऊन सोलला जातो. चिकट झाला, वास मारू लागला, तर तो गेला. पुन्हा धुऊन किंवा इस्त्री करून तो येत नाही.

आणि नवीन घ्यायचाच असेल तर दुकानातच एक परीक्षा करता येते. कापड ओठांवर घट्ट धरून जोरात फुंकायचं. हवा पलीकडे लागली तर तो विंडचीटर, चिठ्ठी काहीही म्हणो. अजिबात गेली नाही तर रेनकोट, मग आतून शिलाईवरची पट्टी बघायची. मागच्या वर्षी मी बर्डीवर एकामागून एक पाच जॅकेटं अशी फुंकली. विकणारा आधी बघत राहिला, मग म्हणाला, "भाऊ, फुगे बाजूच्या गाडीवर आहेत."