इसब, मॉइश्चरायझर आणि आपल्या जवळची ट्रायल

इसब झालं की घरात पहिला प्रश्न असतो, कोणतं क्रीम चांगलं? याच प्रश्नासाठी ब्रिटनमध्ये 550 मुलांची ट्रायल, म्हणजे उपचारांची शास्त्रीय चाचणी, झाली, लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट असे चार गट करून, आणि 2022 मध्ये निकाल आला की चारही जवळपास सारखंच काम करतात. म्हणजे मूल जे रोज लावून घेतं तेच चांगलं. महागड्या ट्यूबच्या मागे धावणाऱ्या आईबापांचा जीव भांड्यात पडावा असा हा निकाल आहे, मला तो फार आवडतो.

मुळात इसबाची त्वचा माठासारखी झिरपते. त्वचेत फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन ओलावा धरून ठेवतं, त्याच्या जीनमध्ये दोष असला की इसबाचा धोका वाढतो हे 2006 मध्ये स्कॉटलंडच्या डंडीतल्या संशोधकांनी दाखवलं. सगळ्याच पेशंटमध्ये हा दोष नसतो, पण कोरडेपणा असतोच, मग बाहेरची धूळ, साबण आत शिरतात, खाज सुटते, खाजवलं की त्वचा अजून फाटते आणि परत खाज. हे संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे प्लीज त्या मुलाचं ताट वेगळं ठेवू नका.

आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, उटणं न घासता, टॉवेलने टिपून अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. भडकलं तर डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइड क्रीमला घाबरायचं नाही, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघालेलं क्रीम, साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. घाबरायचं ते मेडिकलमधून न विचारता आणलेल्या मिक्स ट्यूबला, म्हणजे स्टेरॉइडसोबत इतर औषधं एकत्र असलेल्या क्रीमला, कारण इसब समजून लावलं आणि निघालं गजकर्ण, तर त्यातल्या स्टेरॉइडमुळे ते तात्पुरतं दबतं आणि आतल्या आत पसरत जातं.

आता अशा ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर ती आपल्या जवळ कशी शोधायची? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायलची ऑनलाइन रजिस्ट्री 2007 पासून आहे, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे आणि कोणीही फुकट शोधू शकतं. नुसतं एक्झिमा हे इसबाचं इंग्रजी नाव टाकून थांबू नका, एटोपिक डर्मटायटिस हे डॉक्टरी नावही टाका, आयुर्वेदाच्या ट्रायल विचर्चिका या नावाने सापडतात. प्रत्येक नोंदीत कोणत्या शहरात, कोणत्या हॉस्पिटलमध्ये, वयाची अट काय, कशाची कशाशी तुलना, हे सगळं असतं, भरती चालू आहे का ते मात्र आधी बघा.

ट्रायलच्या हॉस्पिटलला फोन केलात तर हे नक्की विचारा: सध्याचं क्रीम किती दिवस बंद ठेवावं लागेल (इसबवाल्यांना हाच काळ सगळ्यात जड जातो), किती चकरा, प्रवासखर्च कोण देणार. ट्रायलमुळे इजा झाली तर भारताच्या 2019 च्या ट्रायलच्या नियमांप्रमाणे उपचार मोफत मिळायला हवेत. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून निवांत वाचा, आणि सही केल्यावरही मध्येच बाहेर पडता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.