गर्भाचं लिंग: कळायला सोपं, पण कामाचं किती?

डोहाळजेवणात गर्भवतीसमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिनं एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. त्याआधीही अंदाज बांधणं चालूच असतं. पोट कसं दिसतंय, आंबट खावंसं वाटतंय की गोड, चेहऱ्यावर तेज आहे की वांग, बाळाचे ठोके मिनिटाला १४०च्या वर आहेत की खाली. यातल्या ठोक्यांची वैद्यकीय पडताळणीही झाली आहे. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत मुलगा आणि मुलगी यांच्या ठोक्यांत लिंग ओळखता येईल असा फरक सापडत नाही. म्हणजे यातलं कोणतंही भाकीत निम्म्या वेळा खरं ठरणार आणि तेवढंच घराघरांत लक्षात राहणार.

आता प्रश्न वाट्यांचा राहिलेला नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या भाचीला दहाव्या आठवड्यात, दंडातून काढलेल्या दोन चमचे रक्तावरून मुलगा की मुलगी हे कळू शकतं. तिच्या पुण्यातल्या बहिणीला ते प्रसूतीपर्यंत कळत नाही, कारण ते सांगणं भारतात गुन्हा आहे. पुण्याची बहीण कशाला मुकते? माझं उत्तर असं की वैद्यकीयदृष्ट्या जवळपास कशालाच नाही. याचं कारण ही तपासणी कशी जन्माला आली त्यातच दिसतं.

गर्भवतीच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडेल का, हा प्रश्न डेनिस लो या हाँगकाँगच्या शास्त्रज्ञाला पडला होता. कर्करोगाच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या रक्तद्रवात उतरतो हे तेव्हा नुकतंच दिसून आलं होतं. गाठ रक्तात डीएनए सोडत असेल, तर आईच्या गर्भाशयात रुजून भराभर वाढणारी वारही सोडत असणार, असा त्याचा तर्क होता. पण बाळाचा निम्मा डीएनए आईकडूनच आलेला असतो. रक्तात सापडलेला तुकडा आईचा नसून बाळाचा आहे, हे ओळखायचं कसं? आईकडे मुळीच नसलेली एखादी खूण शोधायला हवी. अशी सर्वांत सोपी खूण म्हणजे फक्त मुलग्यांत असणारं वाय गुणसूत्र.

लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थोडासा रक्तद्रव घेतला, पाच मिनिटं उकळला आणि त्यात वाय गुणसूत्राचे तुकडे शोधले. ४३ गर्भवतींपैकी ३० जणींच्या पोटात मुलगे होते. त्यातल्या २४ जणींच्या रक्तद्रवात वायच्या खुणा मिळाल्या. मुली असलेल्या १३ जणींपैकी एकीच्याही रक्तात त्या मिळाल्या नाहीत. १९९७ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. प्रयोग मुलगा की मुलगी हे शोधण्यासाठी नव्हताच. बाळाचा डीएनए तिथे आहे, हे सिद्ध करायचं होतं आणि त्यासाठी लिंग ही हाताशी असलेली सोपी खूण होती. खरं लक्ष्य होतं डाऊन सिंड्रोम, आरएच रक्तगट, थॅलसेमियासारखे आजार. ते गाठायला पुढे कित्येक वर्षं लागली, कारण तिथे ‘आहे की नाही’ एवढं पाहून भागत नाही. एखाद्या गुणसूत्राचं प्रमाण किंचित वाढलंय का, हे लाखो तुकडे मोजून ठरवावं लागतं.

या डीएनएबद्दल एक गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते. तो थेट बाळाच्या अंगातून आलेला नसतो, मुख्यतः वारेच्या पेशींतून येतो. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला आईच्या रक्तद्रवात मोकळ्या फिरणाऱ्या डीएनएपैकी साधारण दहा टक्के हा असतो. त्याचे तुकडे आईच्या तुकड्यांपेक्षा थोडे आखूड असतात, आणि प्रसूतीनंतर काही तासांत ते नाहीसे होतात. वार आणि बाळ एकाच फलित पेशीपासून बनतात, तरी क्वचित दोघांची गुणसूत्रं जुळत नाहीत. कधी सुरुवातीला जुळं असतं, त्यातला एक गर्भ आपोआप विरून जातो, पण त्याचा डीएनए काही काळ रक्तात रेंगाळतो. मग अहवालात वाय दिसतं आणि जन्माला मुलगी येते. म्हणून ही चाचणी चाळणी आहे, निदान नव्हे. मोठ्या आजाराची शंका आली तर गर्भजल किंवा वारेचा नमुना घेऊन खात्री करावीच लागते.

लिंग ठरतं कधी, याचं शाळेतलं उत्तर ‘फलनाच्या क्षणी’ असं आहे. बीजांड नेहमी एक्स गुणसूत्र देतं, शुक्राणू एक्स किंवा वाय आणतो. गुणसूत्रांपुरतं ते बरोबर आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे अजूनही मोठ्यानं सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. पण त्यापुढची गोष्ट जास्त सुंदर आहे. फलनानंतर पहिले सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांचा गर्भ दिसायला अगदी सारखा असतो. दोघांतही एकच जननग्रंथी असते, जिचं वृषण होऊ शकतं किंवा बीजकोश. दोघांतही नलिकांच्या दोन जोड्या असतात, एक पुरुषाच्या अवयवांसाठी, एक स्त्रीच्या. सहाव्या-सातव्या आठवड्यात वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय हा जनुक थोडा काळ जागा होतो आणि ग्रंथी वृषणाच्या वाटेनं जाऊ लागते. १९९० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी हा जनुक शोधून काढला. पुढचं काम वृषणातून निघणारी संप्रेरकं करतात. एक संप्रेरक गर्भाशय होऊ शकणारी नलिका विरघळवतं, तर टेस्टोस्टेरॉन दुसऱ्या जोडीला वाढवतं. आल्फ्रेड जॉस्ट यांनी १९४०च्या दशकात पॅरिसमध्ये सशाच्या गर्भातली ग्रंथी काढून हे दाखवलं. ग्रंथी काढलेल्या नर गर्भाचे अवयव मादीसारखे घडले.

यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं की मुलगी हा काहीही न घडल्याचा परिणाम आहे. ते चूक होतं. बीजकोश घडवण्यासाठीही स्वतंत्र जनुक कामाला लागतात आणि ते वृषणाच्या वाटेला सक्रियपणे अडवतात. मुलगी घडते, उरत नाही. आणि क्वचित काही बाळांत गुणसूत्रं एक सांगतात, शरीर दुसरं. दहाव्या आठवड्याच्या रक्तचाचणीला हे काहीच दिसत नाही. सोनोग्राफीलाही सुरुवातीला दोघांत एकसारखाच छोटा उंचवटा दिसतो. अकराव्या आठवड्यात तज्ज्ञांचा अंदाजही बऱ्याचदा चुकतो. तेराव्या-चौदाव्यानंतर तो जवळपास बिनचूक होतो.

मग लिंग आधी कळण्याचा उपयोग कुठे होतो? काही मोजक्या घरांत, पण तिथे तो खरा असतो. हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा, जनुक आईकडे असेल, तर मुलाला तो आजार होण्याची शक्यता निम्मी असते आणि प्रसूतीत चिमटा किंवा व्हॅक्यूम वापरला तर बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. डुशेन या स्नायूंच्या आजाराची शक्यताही मुलाला अशीच निम्मी असते. मुलगी आहे हे रक्तातून आधीच कळलं, तर गर्भजल काढण्याची सुई टाळता येते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अशा कुटुंबांसाठीच ही तपासणी करतात. आपल्या कायद्यानंही लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांच्या तपासणीला मुभा दिली आहे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ या संस्थेत हिमोफिलिया आणि थॅलसेमियाचं गर्भनिदान होतं. त्यात दोष असलेला जनुकच थेट शोधता येतो. बाळाला आजार आहे की नाही एवढं कळलं की लिंग सांगायची गरजही उरत नाही.

या मोजक्या घरांपलीकडे गर्भाचं लिंग कळल्यानं आईच्या औषधात, आहारात, प्रसूतीच्या तयारीत काहीही बदलत नाही. बदलतात त्या अपेक्षा. १९७४ मध्ये अमेरिकेत ३० पहिलटकर जोडप्यांना जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाचं वर्णन करायला सांगितलं. मुलं आणि मुली वजनानं, लांबीनं, तब्येतीनं सारख्याच होत्या. तरी मुलींच्या आईवडिलांना त्या जास्त नाजूक आणि लहानखुऱ्या वाटल्या. ही नजर पाच-सहा महिने आधीच लागावी, यात मला काही भलं दिसत नाही. पण एखाद्या जोडप्याला नाव ठरवायचं आहे, मोठ्या भावंडाची मनाची तयारी करायची आहे, आणि उत्तर काहीही आलं तरी घरात तोच आनंद आहे, तर त्यांनी जाणून घेण्यातही मला गैर वाटत नाही. अट तेवढीच, की उत्तर काहीही आलं तरी गर्भ सुरक्षित असावा.

ही अट आपल्याकडे पुरी होत नाही, आणि तिचा इतिहास जुना आहे. गर्भजलातल्या पेशींवरून लिंग ओळखण्याची रीत १९५५-५६ मध्ये कोपनहेगनसह काही ठिकाणी निघाली आणि तिचा पहिला वापर झाला तो हिमोफिलियासाठीच. भारतात १९७५ च्या सुमाराला दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये आनुवंशिक आजारांसाठी ही तपासणी सुरू झाली. पण लोकांना हवं होतं ते आजारांचं उत्तर नव्हतं. सरकारी रुग्णालयांत बंदी आली, तशी ती खासगी दवाखान्यांत गेली. मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी याविरुद्ध झुंज दिली, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतर आला, तो १९९६ पासून लागू झाला. तरीही कुणी फारसं हलेना. तेव्हा ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा आजचा पीसीपीएनडीटी कायदा झाला.

निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हा आकडा १९९१ मध्ये ९४६ होता. २००१ मध्ये ९१३ झाला आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये तो ८०७ होता. ऊसतोडणीला जाणाऱ्या मजुरांच्या या जिल्ह्याकडे बोट दाखवून शहरातल्या माणसांनी मोकळं होऊ नये. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या अपत्यांमधलं मुलामुलींचं प्रमाण तपासलं होतं. १९९० मध्ये हजार मुलग्यांमागे ९०६ मुली, २००५ मध्ये ८३६. ही घसरण शिकलेल्या आणि सधन घरांत जास्त होती. साहजिकच आहे. तपासणीचे पैसे त्यांच्याकडे होते.

समुद्र ओलांडूनही ही आवड सुटत नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या जन्मनोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात जन्मलेल्या ज्या स्त्रियांना आधी दोन मुली होत्या, त्यांच्या तिसऱ्या खेपेला १०० मुलींमागे १९६ मुलगे जन्मलेले दिसले. त्याआधी २०१२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकाचे तेव्हाचे हंगामी संपादक राजेंद्र काळे यांनी लिंग तिसाव्या आठवड्यापर्यंत सांगू नये असं संपादकीय लिहिलं आणि तिथे मोठा वाद झाला. लिंग कळणं हा तिथल्या स्त्रीचा हक्क मानला जातो. मला काळे यांचं म्हणणं पटतं. वैद्यकीय उपयोग नसलेली माहिती काही आठवडे उशिरा मिळाल्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

बंदी उठवा म्हणणारेही आहेत. २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी वेगळं मत मांडलं होतं. लिंग उघड सांगावं, नोंदवावं आणि मुलगी असलेल्या प्रत्येक गर्भारपणावर शेवटपर्यंत लक्ष ठेवावं, असं त्या म्हणाल्या. ऐकायला हे सरळ वाटतं. पण लक्ष कुणावर राहील? आशाताईंच्या वहीत नाव गेलेल्या त्या बाईवर. गर्भ आपोआप पडला तरी जाब तिलाच विचारला जाईल. आजचा कायदा याबाबतीत शहाणा आहे. तपासणीसाठी तिच्यावर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला, असंच न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार इतरांवर राहतो.

डॉक्टरांची तक्रार खरी आहे. सोनोग्राफीच्या खोलीत ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक असतो. प्रत्येक गर्भवतीमागे एफ फॉर्म भरावा लागतो. त्यावर ती लिहून देते की मला लिंग जाणून घ्यायचं नाही, आणि डॉक्टर लिहून देतात की मी ते पाहिलंही नाही, सांगितलंही नाही. एखादा रकाना रिकामा राहिला तरी खटला होऊ शकतो. प्रामाणिक डॉक्टरांना हे जाचतं. पण शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही रीतीनं लिंग कळवायचं नाही, असं कायद्याला स्पष्ट म्हणावं लागलं, कारण निळ्या-लाल शाईपासून देवाच्या नावापर्यंत सगळ्या खुणा वापरून झालेल्या होत्या. बाहेर जे काही चोरून चालतं, त्याचा माग या कागदांवरूनच लागतो. २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानंही या नोंदी क्षुल्लक मानल्या नाहीत.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीला पालक जातात, तेव्हा पडद्यावर लिंगाखेरीज खूप काही असतं. हृदयाचे चारही कप्पे नीट आहेत का, मणका बंद झालाय का, मूत्रपिंडं दोन आहेत का, वार कुठे आहे, गर्भजल पुरेसं आहे का. यातलं काहीही विचारायला कायद्याची आडकाठी नाही, आणि वेळेवर विचारलं तर जन्मानंतर लगेच शस्त्रक्रिया लागणाऱ्या बाळाची प्रसूती मोठ्या रुग्णालयात ठरवता येते. त्याच्याही आधी, शक्य तर पहिल्या भेटीतच, आईबाप दोघांची थॅलसेमिया वाहक तपासणी आणि आईचा आरएच गट तपासून घ्यायला हवा.