प्रायॉन रोगांतील पेशीग्राही

प्रायॉन रोगांतील पेशीग्राही : घडी बिघडलेले प्रायॉन प्रथिन ज्यांच्यामार्फत पेशीला चिकटते, आत शिरते किंवा तिला इजा पोचवते, ते पेशीपटलावरील रेणू, यांनाच रिसेप्टर म्हणतात. ‘प्रायॉन’ (सामान्य प्रथिनाला आपल्यासारखे बिघडवत पसरणारे संसर्गकारी प्रथिन) ही संज्ञा स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये रूढ केली. माणसांतील क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग (सीजेडी) व कुरू आणि मेंढ्यांतील स्क्रेपी हे मेंदूचे प्रायॉनजन्य रोग होत.

निरोगी चेतापेशीच्या पटलावर ग्लायकोलिपिड नांगराने (शर्करा व मेद यांच्या दुव्याने) बसलेले सामान्य प्रायॉन प्रथिन हा नव्या प्रायॉनचा केवळ कच्चा माल, की तेच मुख्य ग्राही, याविषयी मतभेद आहेत. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना स्क्रेपी होत नाही, हे १९९३ पर्यंत स्पष्ट झाले होते. परंतु त्याने दोन्ही मतांना सारखाच आधार मिळतो. १९९६ चा प्रयोग अधिक बोलका आहे. अशा उंदरांच्या मेंदूत हे प्रथिन असलेल्या ऊतीचे कलम करून त्याला संसर्ग घडवला, तेव्हा कलमाची हानी झाली. प्रायॉन आसपास पसरूनही शेजारच्या पेशी शाबूत राहिल्या. २००३ मध्ये संसर्गानंतर चेतापेशींतील प्रथिन नाहीसे केल्यावर मेंदूतील सुरुवातीची सच्छिद्रता मागे हटली. नांगर नसलेले प्रथिन बनवणाऱ्या उंदरांत (२००५) प्रायॉनचे साठे भरपूर, लक्षणे मात्र नाममात्र होती. अशाच उंदरांच्या दुसऱ्या गटात पुढे प्राणघातक आजार आढळला, पण त्यातील विकृती वेगळी, रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी निगडित होती. एकंदरीत, साठ्यापेक्षा पटलावरील प्रथिनातून जाणारा संदेशच घातक, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पेशीपटलावरील इतर रेणूंपैकी लॅमिनिन या प्रथिनाचा ग्राही (१९९७ पासून चर्चेत) आणि हेपरान सल्फेट ही शर्करासाखळी यांचा सहभाग प्रामुख्याने पेशीसंवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत, दिसला आहे. एमग्लूआर५ हा ग्लुटामेट या चेतासंदेशवाहकाचा ग्राही रोखल्यास संसर्गित उंदरांतील हालचालींचा बिघाड काहीसा लांबणीवर पडतो. लसिकाग्रंथींत पूरक प्रथिनांचे (प्रतिकारसंस्थेतील एका प्रथिनगटाचे) ग्राही प्रायॉन धरून ठेवतात.

सीजेडी जगभर दर १० लाखांमागे वर्षाला सुमारे १ ते २ जणांना होतो. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे व नवी मुंबई या शहरांची लोकसंख्या मिळून सुमारे ३० लाख होती. त्या हिशेबाने तेथे वर्षाला ३ ते ६ रुग्ण अपेक्षित धरता येतात, तरुण लोकसंख्येमुळे कदाचित कमी. काही आठवड्यांत स्मृती, तोल आणि बोलणे ढासळू लागले, तर त्याला म्हातारचळ समजून थांबू नये. मेंदूविकारतज्ज्ञाकडून एमआरआय व ईईजी तपासणी करून घ्यावी, कारण अशीच लक्षणे असलेले काही आजार बरे होतात. ग्राही रोखून सीजेडी थांबवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. हा रोग स्पर्शाने किंवा एकत्र राहिल्याने पसरत नाही, त्यामुळे घरच्यांनी रुग्णाला दूर ठेवण्याचे कारण नाही.