पाणी वाळतं, क्षार उरतो

स्मार्टवॉच उलटं करा आणि मागच्या चार्जिंगच्या दोन पिना उजेडात धरून बघा. घड्याळ वर्षभर रोज मनगटावर असेल, तर बऱ्याचदा एक पिन चकचकीत असते आणि दुसरी काळपट-हिरवी, कडेनं कुरतडलेली दिसते. घाम दोघींना सारखाच लागलेला असतो, रंकाळ्यावरच्या पहाटेच्या फेरीत पाऊसही दोघींवर सारखाच पडलेला असतो. तरी गंज एकीलाच. स्मार्टवॉच पाण्यानं का बिघडतं, याचं निम्मं उत्तर या दोन पिनांत आहे.

गंजलेली पिन धन टोकाची असते. घामेजलेलं घड्याळ न पुसता चार्जरला चिकटवलं की दोन पिनांमधल्या ओलीवर ५ व्होल्ट येतात. पाण्याचं विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. ऋण पिनेवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि धन पिनेचा धातू आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन ओलीत उतरायला लागतो. पिनेवर सोन्याचा मुलामा असला तरी तो अतिशय पातळ असतो, त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं. ऋण पिनेला मात्र काही होत नाही.

हे घरी करून बघता येतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ, दोन तांब्याच्या तारा आणि एकापुढे एक जोडलेले दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट. तारा एकमेकींना लागू देऊ नका. थोड्याच वेळात ऋण तारेवरून बुडबुडे निघू लागतात आणि धन तारेभोवती पाण्याचा रंग बदलू लागतो. तो रंग म्हणजे विरघळलेलं तांबं. (या प्रयोगाला मोबाइलचा चार्जर अजिबात वापरू नका, सेलच वापरा.) आता मिठाच्या पाण्याऐवजी नुसतं शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी घ्या. जवळजवळ काहीच घडणार नाही. समुद्राचं पाणी शुद्ध पाण्याच्या जवळपास दहा लाख पट चांगला वाहक आहे. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, घामात साधारण एक ते पाच ग्रॅम मीठ असतं. घड्याळाचा खरा घात हे क्षार आणि चालू वीज मिळून करतात. पाणी त्यांना एकत्र आणतं, एवढंच.

घड्याळाच्या आत हाच प्रयोग फार बारीक मापात चालतो. लिथियम बॅटरी भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते आणि बोर्डावरच्या शेजारशेजारच्या जोडांमधलं अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकं असतं. तिथं खारट पाण्याचा थेंब बसला की धन जोडावरचं तांबं किंवा कथील विरघळतं, थेंबातून पलीकडे जातं आणि ऋण जोडावर पुन्हा धातू होऊन साचतं. साचताना त्याचे फांद्या फुटलेले बारीक तंतू तयार होतात, ते उलट धन जोडाकडे वाढत येतात आणि टेकले की बोर्ड शॉर्ट होतो. म्हणून पाण्यात पडलेलं घड्याळ त्या दिवशी चालतं आणि दोन दिवसांनी बंद पडतं. ‘कालपर्यंत तर चांगलं चालत होतं’ हे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या दुरुस्तीच्या काउंटरवर पावसाळाभर ऐकू येणारं वाक्य खरंच असतं. बिघाड मात्र त्या दोन दिवसांत आत वाढत होता.

यावरून पहिला उपचार आपोआप ठरतो. घड्याळात पाणी गेल्याची शंका आली की ते लगेच बंद करायचं. चालतंय का म्हणून सारखं चालू करून बघायचं नाही, आणि कोरडं झाल्याची खात्री होईपर्यंत चार्जरच्या जवळही न्यायचं नाही. पाण्यात पडण्यापेक्षा ओलं असताना चार्जिंगला लावण्यानं जास्त घड्याळं जात असावीत, असं माझं मत आहे.

दुसरा उपचार म्हणून बहुतेकजण तांदळाच्या डब्याकडे वळतात. आजरा घनसाळ असो की कोलम, तांदूळ सीलबंद घड्याळाच्या आतली ओल ओढून घेऊ शकत नाही. बाहेरची हवा किंचित कोरडी करतो, तेही सिलिका जेलपेक्षा कितीतरी सावकाश, आणि त्याची पिठी बटणाच्या फटीत जाऊन बसते. शिवाय घड्याळ अगदी कोरडं झालं तरी प्रश्न संपत नाही. गुऱ्हाळात रस आटवला की पाणी जातं आणि गूळ कढईत राहतो, तसा घड्याळातलं पाणी वाळल्यावर क्षार बोर्डावरच राहतो. मीठ हवेतली ओल धरतं. पुढच्या दमट दिवशी त्या डागावर पुन्हा पाण्याचा पातळ थर येतो आणि थांबलेली क्रिया जिथून सुटली तिथून सुरू होते. कोल्हापूरच्या जुलैला त्यासाठी वेगळ्या आमंत्रणाची गरज नसते.

म्हणून मालवणच्या समुद्रात घातलेलं घड्याळ, आत पाणी गेलेलं नसेल तर, आधी नळाच्या गोड्या पाण्यानं धुवायचं आणि मग पुसायचं. खारं पाणी नुसतं वाळू देणं सर्वांत वाईट.

आता बटणाकडे येऊ, कारण घड्याळाच्या पूर्ण बंद पेटीला मुद्दाम भोक पाडलेली जागा तीच. बटणाची दांडी त्या भोकातून आत जाते. दांडीला कोरलेल्या खाचेत एक-दोन ओ-रिंगा, म्हणजे रबराच्या गोल कड्या, असतात, त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. आत दांडी सुटू नये म्हणून बारीक क्लिप, आणि तिच्या पुढ्यात लवचिक पट्टीवर, म्हणजे फ्लेक्सवर, पत्र्याची मसुराएवढी घुमटी. बटण दाबलं की घुमटी उलटी होते आणि ‘टिक’ जाणवते, सोडलं की ती पुन्हा वर येते. ओ-रिंग म्हणजे काय हे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, कुणाला शिकवावं लागत नाही. नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या कारागिरानं तिचं अमेरिकी पेटंट १९३९ मध्ये मिळवलं, आणि तिची खुबी अशी की बाहेरचा दाब वाढला की रबर फटीकडे आणखी दाबलं जातं, म्हणजे दाबच सील घट्ट करतो. पण यासाठी रबर लवचिक हवं, ग्रीस जागेवर हवं आणि खाचेत कचरा नको. रबर कायम दबून राहिलं की वर्षादोनवर्षांत चपटं होऊ लागतं. एक केस किंवा वाळूचा एक कण रिंगेखाली आला तरी पाण्याला वाट मिळते.

बटण बिघडलं की आधी बोटानं निदान करा. टिकच जाणवत नसेल, बटण आत रुतून बसत असेल किंवा सावकाश वर येत असेल, तर दोष यांत्रिक आहे. घाम, साबण, सनस्क्रीन आणि मातीचा थर दांडीभोवती वाळला आहे. पन्हाळा ते पावनखिंडीची पावसाळी पदभ्रमंती करून आलेल्या घड्याळांचं हेच होतं. टिक खणखणीत येते पण पडद्यावर काहीच होत नसेल, तर दांडी ठीक आहे, घुमटी किंवा फ्लेक्स गंजली आहे. आणि तिसरा प्रकार, बटणाला हात न लावता घड्याळ स्वतःच पानं उलटतं किंवा सारखं रीस्टार्ट होतं. बटणाची तार आत एका रोधामार्फत (रेझिस्टरमार्फत) साधारण १.८ व्होल्टवर धरलेली असते आणि बटण दाबलं की ती शून्यावर येते. तिथं खारट ओलीचा थर बसला की तीच तार हळूहळू खाली ओढली जाते आणि प्रोसेसरला वाटतं, कुणीतरी बटण दाबून धरलंय. बऱ्याच घड्याळांत बटण काही सेकंद दाबून धरणं म्हणजे सक्तीनं रीस्टार्ट. म्हणून ते चक्र थांबत नाही.

पहिल्या प्रकारात घरी उपाय होतो. घड्याळ बंद करायचं, काचेला किंवा पाठीला तडा नाही आणि ते पाण्यात चालणारं आहे याची खात्री करायची, आणि नळाच्या बारीक धारेखाली, जेमतेम कोमट पाण्यात, दहा-पंधरा सेकंद बटण हळूहळू दाबत-सोडत राहायचं. फिरणारं बटण असेल तर फिरवतही राहायचं. अॅपल आपल्या घड्याळाच्या डिजिटल क्राउनसाठी हीच पद्धत सांगते. साबण नको. पाण्याचा पृष्ठताण साबणानं निम्म्याहून खाली येतो आणि जी फट पाण्याला एरवी आत घेत नव्हती ती घेऊ लागते. स्पीकर-माइकच्या भोकांमागच्या पाणीरोधक पडद्याचाही साबण शत्रू आहे. हा पडदा बहुधा ताणलेल्या टेफ्लॉनचा असतो, बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या पदार्थाचा. त्याच्या छिद्रांतून हवा जाते, पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे अडतो. सुईनं टोकरलं तर पडदाही जातो आणि ओ-रिंगही कापली जाते.

खोबरेल तेलाचा थेंबही नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि डिसेंबरच्या पहाटे इथलं तापमान त्याच्या बरंच खाली असतं. मग बटण पहिल्याहून जड चालतं आणि तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच. गंज सोडवणारे पेट्रोलजन्य फवारे काही प्रकारची रबरं फुगवतात, तेही टाळा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात घड्याळ उघडावंच लागतं. हे काम जाणत्या हाताचं आहे. काच किंवा पाठ गमानं चिकटवलेली असते, ती गरम करून सोडवतात, आणि गमाला लागणारी उष्णता बॅटरीला सोसत नाही. बॅटरी फुगलेली दिसली, काच एका बाजूनं उचललेली दिसली, तर घरी चाकू-पातं घालायचंच नाही. लिथियम सेलला भोक पडलं तर आग लागू शकते.

उघडल्यावर कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड धरतो. जिथं पाणी थांबलं तिथं पांढरट किंवा हिरवट भुकटी दिसते, बहुधा बटणाच्या फ्लेक्सच्या जोडापाशी. बॅटरी सुटी करून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानातल्या भाषेत आयपीए, मऊ ब्रशनं फिरवतात. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असल्यानं ते चिपच्या पोटाखालीही शिरतं, तिथलं पाणी स्वतःत मिसळून घेतं आणि उडून जातं. मीठ मात्र शुद्ध अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही, म्हणून ब्रशनं घासण्याला महत्त्व आहे, आणि समुद्राचं पाणी गेलेला बोर्ड आधी ऊर्ध्वपातित पाण्यानं धुतला तर काम चांगलं होतं. ७० टक्क्यांचं सॅनिटायझर इथं चालत नाही, त्यात बाकीचं बहुतेक पाणीच असतं. आयपीएची वाफ १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते, तेव्हा गरम हवेचा ब्लोअर लांब. घुमटी गंजली असेल तर फ्लेक्सच बदलतात. स्वस्त घड्याळांचे सुटे भाग मिळत नाहीत, तेव्हा दुसऱ्या मेलेल्या घड्याळातला काढून घालतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

इथवर दुरुस्ती सगळे चांगली करतात. पुढचा भाग बहुधा राहून जातो. उघडलेलं घड्याळ पुन्हा पाणीरोधक झालंय का, हे कुणी तपासत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

खोक्यावरचे आकडे कशाचे असतात ते आधी बघू. आयपी ही धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी. आयपी६७ म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ म्हणजे त्याहून कडक, पण खोली आणि वेळ कंपनी ठरवते. एटीएम म्हणजे एका वातावरणाएवढा दाब, आणि ५ एटीएम म्हणजे ५० मीटर उंचीच्या स्थिर पाण्याएवढा. पाणीरोधक घड्याळांच्या चाचण्यांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे. पाण्याची उंची फुटांत मोजायची सवय कोल्हापूरला आहेच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पुराची धोका पातळी ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर. तेवढ्या उंच पाण्याचा दाब होतो १.३ एटीएम. या हिशेबानं ५ एटीएमचं नवं घड्याळ भक्कम वाटतं, आणि असतंही. आयपी६७चं मात्र नसतं. विहिरीत पंधरा फुटांवरून उडी मारली तर पाण्यावर आदळताना मनगटावर येणारा गतिज दाब जवळपास पंधरा फूट उंच पाण्याएवढाच असतो, कारण जितक्या उंचीवरून पडाल तितक्याच उंचीच्या स्तंभाची ऊर्जा त्यात असते. एक मीटरच्या चाचणीच्या हा साडेचारपट.

एप्रिलच्या उन्हात गाडीच्या टाकीवर तापून ६० अंशांवर गेलेलं घड्याळ थंड पाण्याखाली धरलं तर आतली बंद हवा आकसते आणि तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. ते घड्याळ एक मीटर खोल पाण्यात असल्यासारखं पाणी आत ओढतं. नुसत्या नळाखाली.

जुन्या यांत्रिक घड्याळांची दुकानं हवेच्या दाबानं सील तपासतात. घड्याळ छोट्या पेटीत ठेवून हवा भरायची आणि काच किती दबते ते मोजायचं. दबलेली काच हळूहळू परत वर आली तर हवा आत शिरतेय. स्मार्टवॉचला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर त्यासाठीच्या पडद्यातून हवा मुद्दामच आतबाहेर होते, त्यामुळे ही चाचणी जशीच्या तशी लागू पडत नाही, पडद्याचं भोक तात्पुरतं झाकावं लागतं. पण पेटी, पंप आणि मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजणारा डायल गेज यांत असं काहीही नाही जे उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत तयार होऊ शकत नाही. दुरुस्तीवाल्यांनी मिळून एक पेटी घेतली तरी शहराला पुरेल.

तोवर घड्याळ परत घेताना दोन गोष्टी विचारा. बटणाची ओ-रिंग आणि पाठीची गॅस्केट (कडेची सील-पट्टी) नवी घातली का? आणि काच नुसत्या बी-७००० गमानं बसवली की मूळ आकाराच्या चिकटपट्टीवर? नवी सीलं नसतील तर खोक्यावरचा आकडा विसरा. घड्याळ पुसून वापरा, पोहायला नेऊ नका. गम असेल तर तो पुरता पक्का व्हायला २४ ते ४८ तास लागतात. घड्याळ दुकानातून आणलं त्याच संध्याकाळी पाऊस आला तर ते काढून खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी न्या.