ना खळ, ना कात्रण

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात किंवा माधवनगरात यंत्रमागावर बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला रूळ, चढतो, त्याआधी त्यावरच्या हजारो उभ्या धाग्यांचं सायझिंग झालेलं असतं, म्हणजे त्यांना स्टार्चची खळ दिलेली असते. मागावर हे धागे ताणून धरलेले असतात, फणीत सतत घासत असतात. खळ नसेल तर पटापट तुटतील. पण कापड रंगवायचं तर हीच खळ आधी धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग नीट मुरत नाही. धुतलेला स्टार्च सांडपाण्यात उतरतो. जिवाणू त्याच्यावर पोसतात आणि ते करताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. असं पाणी प्रक्रियेविना ओढ्यात गेलं, तर मासे गुदमरतात. कापडधंद्याचं प्रदूषण म्हटलं की सगळे रंगांकडे बोट दाखवतात. खळीकडे फारसं कुणी बघत नाही, आणि मला तीच काळजीची बाब वाटते.

होजिअरीच्या निटिंगमध्ये ही खळ लागतच नाही. तिथे ताणलेले उभे धागे नसतात. आजी सुयांवर मोजा विणते तसा एक फास दुसऱ्या फासातून ओढला जातो. घर्षण कमी करायला धाग्याला थोडं मेण पुरतं.

तंत्र जुनंच आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणणारं यंत्र बनवलं. मोठी झेप मात्र १९९५ची. जपानच्या शिमा सेइकी कंपनीने अख्खा स्वेटर एकसंध विणणारं यंत्र आणलं. धड आणि दोन बाह्या अशा तीन नळ्या ते एकाच वेळी विणत वर नेतं, काखेपाशी जोडतं आणि गळ्याशी थांबतं. एरवी कपडा बेतताना साधारण १५ टक्के कापड कात्रणात जातं. इथे ते वाचतं, आणि त्यामागचा कापूस, पाणी, वीजही वाचते.

निटिंग मागाची जागा घेणार नाही. फासांचं कापड ताणतं, त्यामुळे शर्टिंग आणि साडी मागावरच विणली जाणार. शिवाय एकसंध विणणारं यंत्र महागडं आणि संथ. छोट्या कारखानदाराने कर्ज काढून थेट तिथे उडी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. टी-शर्ट, बनियनचं कापड विणणाऱ्या गोल मशिनपासून सुरुवात करावी. कात्रण पडेल, पण खळ टळेल. आणि धागा निव्वळ सुती ठेवावा. सुती कात्रण पिंजून पुन्हा सूत निघतं. त्यात स्पँडेक्स, म्हणजे रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा, मिसळला, की दोन्ही वेगळे करणं फार अवघड जातं.