गिगाहर्ट्झ मोजून प्रोसेसर घेऊ नका

गेमिंगसाठी कुठला प्रोसेसर घ्यावा, यावर चर्चा सुरू झाली की कुणीतरी गिगाहर्ट्झची, म्हणजे प्रोसेसर सेकंदाला किती अब्ज ठोके मारतो याची, तुलना काढतंच. आकडा मोठा म्हणजे प्रोसेसर भारी, हा हिशेब सोपा आहे, पण तो गेममध्ये चालत नाही. एएमडीचा रायझन 7 5800एक्स कमाल 4.7 गिगाहर्ट्झला धावतो. एप्रिल 2022मध्ये आलेला 5800एक्स3डी जातो जेमतेम 4.5पर्यंत. दोघांचे आठ कोअर, म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारे भाग, सारखेच. तरीही अनेक गेममध्ये दुसराच पुढे, कारण त्याची एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी पण वेगवान मेमरी, 32ऐवजी 96 मेगाबाइट आहे.

5 गिगाहर्ट्झच्या कोअरचा एक ठोका 0.2 नॅनोसेकंदाचा. कॅशमध्ये न सापडलेली माहिती रॅममधून, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या मुख्य मेमरीतून, यायला साधारण 80 नॅनोसेकंद, म्हणजे 400 ठोके. एवढा उशीर का? रॅममध्ये प्रत्येक बिट एका चिमुकल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार म्हणून असतो. तो वाचायचा तर आधी अख्खी रांग उघडायची, क्षीण भार मोठा करून ओळखायचा, आणि वाचताना तो सांडतो म्हणून पुन्हा भरायचा. कॅशमध्ये ही भानगडच नाही. तिथे सहा ट्रान्झिस्टर मिळून एक बिट धरून ठेवतात आणि एल3मधून उत्तर साधारण 10 नॅनोसेकंदांत येतं. मात्र सहा ट्रान्झिस्टर जागा खातात. म्हणून एएमडीने 64 मेगाबाइटचा जादा तुकडा थेट चिपवरच बसवला, तांब्याला तांबं भिडवून. त्या थराने उष्णता अडते; वेग कमी ठेवण्यामागे हेही एक कारण. 2024च्या 9800एक्स3डीमध्ये हा तुकडा कोअरच्या खाली गेला आणि वेग वाढवता आला.

मग याचा फायदा गेममध्येच एवढा का? व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलताना, माहिती बरीचशी ओळीने येते, त्यामुळे पुढचं आधीच आणून ठेवता येतं. गेममध्ये शेकडो पात्रं आणि वस्तू मेमरीत विखुरलेल्या असतात. एक पत्ता वाचल्याशिवाय पुढचा कळत नाही. सेकंदाला 144 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम 7 मिलिसेकंद. त्यात असे खोळंबे साचले की गेम अडखळतो. अर्थात 4केवर, म्हणजे खूप बारकाव्याच्या चित्रावर, खेळणाऱ्यांची अडचण बहुधा ग्राफिक्स कार्ड असते. तिथे जादा पैसे कार्डावरच घालावेत.

मदरबोर्ड घेताना आधी सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, बघा. 2016च्या एएम4वर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून 5800एक्स3डी बसवता आला, तोही कित्येक जुन्या बोर्डांवर. 2022च्या एएम5ला डीडीआर5 या नव्या पिढीची रॅमच लागते. इंटेलच्या एलजीए1700वर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात, रॅम बोर्डाप्रमाणे डीडीआर4 किंवा डीडीआर5. 2024चा एलजीए1851 मात्र वेगळाच. बोर्डावर ‘गेमिंग’ लिहून रंगीत दिवे लावले म्हणून फ्रेम वाढत नाहीत. पैसे मोजायचेच तर व्हीआरएमसाठी, म्हणजे बोर्डावरच्या व्होल्टेज नियंत्रकासाठी, मोजा. 12 व्होल्टचे साधारण 1.2 व्होल्ट करून तो प्रोसेसरला वीज देतो, आणि 120 वॉट लागले तर त्याला तब्बल 100 अँपिअर पुरवावे लागतात. तो तापला की प्रोसेसरचा वेग उतरतो, मग कॅश कितीही असो.