हिऱ्याची चकाकी

पैलू पाडलेल्या हिऱ्यात शिरलेला उजेड फिरून वरच्याच बाजूने डोळ्यांकडे येतो, त्यातून दिसणारी चमक म्हणजे हिऱ्याची चकाकी. तिच्यात तीन गोष्टी असतात: परतलेला पांढरा उजेड, रंगीत ठिणग्या (जाणकार याला 'फायर' म्हणतात) आणि हिरा हलला की होणारी लुकलुक.

हिऱ्याचा अपवर्तनांक (पदार्थात उजेड निर्वातापेक्षा किती पट हळू जातो तो आकडा) 2.417, साध्या काचेचा साधारण 1.5. म्हणजे हिऱ्यात उजेडाचा वेग सेकंदाला 1.24 लाख किलोमीटरच्या आसपास उतरतो. समोरून पडलेल्या उजेडाचा 17 टक्के भाग तर पृष्ठभागावरूनच परततो, काचेवरून जेमतेम 4 टक्के. पण खरी गंमत आत आहे. पृष्ठभागाच्या लंबापासून मोजलेल्या ज्या कोनापलीकडे आतला उजेड बाहेर पडत नाही तो क्रांतिक कोन; हिऱ्याचा फक्त 24.4 अंश, काचेचा जवळपास 42, त्यामुळे खालच्या पैलूवर त्याहून तिरका आलेला किरण बाहेर पडूच शकत नाही, पूर्ण अंतर्गत परावर्तन होऊन (म्हणजे आरशासारखा सगळाच आत परतून) समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून वर. रंगांचं कारण अपस्करण, म्हणजे वेगवेगळे रंग कमी-जास्त वळून सुटे होणं: जांभळ्यासाठी अपवर्तनांक 2.451, लालसाठी 2.407, फरक 0.044. क्वार्ट्झमध्ये (स्फटिक खनिज) हाच फरक 0.013 आहे.

अर्थात कोन चुकला तर हे सगळं वाया जातं, खालचा भाग उथळ किंवा फार खोल झाला की उजेड खालून गळतो. हिरे-अभ्यासक मार्सेल टोल्कोव्स्कीने 1919 मध्ये याचं गणित मांडलं: खालचे मुख्य पैलू 40.75 अंश, वरचे 34.5. मात्र आजचा गोल ब्रिलियंट कट (चमकीसाठी पैलू पाडायची पद्धत) त्याने शोधला असं म्हणणं बरोबर नाही, बॉस्टनचा हेन्री मॉर्स 19व्या शतकातच वजनापेक्षा चमकीला महत्त्व देऊन पैलू पाडत होता. त्याआधीच्या ब्रिलियंट कटाचं श्रेय 17व्या शतकाच्या अखेरीच्या व्हेनिसमधल्या व्हिन्चेंझो पेरुझ्झीला देतात, पण समकालीन कागदांत त्याचा भक्कम पुरावा नाही, त्यामुळे हा कट अनेक कारागिरांच्या हातून हळूहळू घडला हेच मत जास्त पटतं.

सगळ्यात जास्त रंग हिऱ्यातच दिसतात हा समज मात्र चुकीचा, हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइट या खड्याचं अपस्करण 0.104 आहे, दुपटीहून जास्त.

हिरा पाण्यात बुडवला तर क्रांतिक कोन 33.5 अंशांच्या आसपास जातो आणि चमक लगेच मंदावते. हिऱ्याला तेलकटपणाही पटकन चिकटतो, त्यात धूळ अडकते, आणि खालच्या पैलूंवर असा थर बसला की परतायचा उजेड तिथेच विखुरतो, म्हणून चमक गेली असं वाटलं तर आधी खालची बाजू नीट धुवून बघावी.